शेवटची बस गेल्यानंतर

रस्त्याच्या कडेला उभे राहून अनोळखी वाहनाला हात दाखवावा आणि पुढचा प्रवास करावा, हे व्यवहार्य आहे काय आणि सुरक्षित आहे काय, हा प्रश्न सहसा पाठीवर पिशवी टाकून देश पाहायला निघालेल्या तरुण पर्यटकासंदर्भात विचारला जातो. गोव्याच्या किनारपट्टीवर असे पर्यटक दिसतातही. परंतु या राज्यात लिफ्टवर खऱ्या अर्थाने अवलंबून असणारा माणूस वेगळा आहे. वेर्णा किंवा कुंडई येथील औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार, कळंगुटच्या हॉटेलातील भांडी आवरून निघालेली स्त्री, संध्याकाळचा जादा तास आटोपून तिठ्यावर उभी राहिलेली उच्च माध्यमिकची मुले, आणि बांबोळीच्या गोमेकॉत दाखल असलेल्या नातलगाला डबा पोहोचवून सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील आपल्या गावी परतणारा गृहस्थ, ही ती माणसे. त्यांना साहसाची हौस नाही. त्यांची शेवटची बस गेलेली असते, किंवा वेळापत्रकावर असूनही ती आलेलीच नसते.

चर्चेला प्रारंभ करण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण बोलताना त्या एकमेकींत मिसळतात आणि मग कायद्याविषयीही गोंधळ होतो. वाटेत भेटलेल्या वाहनचालकाने काही न घेता पुढे सोडणे ही लिफ्ट. परवाना नसलेल्या जीपमध्ये किंवा व्हॅनमध्ये माणशी पैसे घेऊन प्रवासी कोंबणे हे वडाप. बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला हा शब्द घरोघरी परिचित आहे. आणि पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा परवानाधारक तो पायलट. देशाच्या इतर भागांत दुचाकी-टॅक्सीची कल्पनाही नव्हती, तेव्हापासून गोव्यात पायलट आहेत. या लेखाचा विषय पहिला प्रकार आहे, पण इतर दोघांकडे पाहिल्यावाचून तो समजत नाही. कारण पायलट परवडत नाही आणि वडाप मिळत नाही अशा जागी लिफ्ट सुरू होते.

गोव्यात सार्वजनिक बससेवेचा प्रश्न नवा नाही. १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी आंदोलन केले, तेव्हा राज्यातील प्रवासी वाहतूक जवळजवळ संपूर्णपणे खासगी मालकांच्या हाती होती. त्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर १९८० साली कदंब परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाने लांब पल्ल्याचे आणि काही अंतर्गत मार्ग सांभाळले, परंतु गावागावांना जोडणारा मोठा भाग खासगी बसकडेच राहिला. खासगी बसमालक हा धर्मादाय काम करीत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. सकाळी गावातून शहराकडे जाणारी बस भरते, संध्याकाळी शहरातून गावाकडे येणारी बस भरते. मात्र रात्री आठची फेरी गावी पोहोचल्यावर परत येताना रिकामी असते. डिझेल दोन्ही वेळा तेवढेच लागते. तेव्हा ती फेरी आधी अधूनमधून चुकते, पुढे नियमाने चुकते, आणि कालांतराने ती परवान्याच्या कागदावरच उरते.

याचा परिणाम असा झाला की ज्याला शक्य झाले त्याने दुचाकी घेतली. गोव्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या आज राज्याच्या लोकसंख्येच्या घरात जाऊन पोहोचली आहे, आणि त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. प्रत्येक नवी दुचाकी बसमधील एक आसन रिकामे करते. रिकाम्या आसनांमुळे आणखी एक फेरी बंद पडते. आणि फेरी बंद पडली की आणखी कोणी तरी कर्ज काढून दुचाकी घेतो. या चक्रातून बाहेर राहतात ते तीन प्रकारचे लोक: ज्यांचे वय बसत नाही, ज्यांचे वय उलटून गेले आहे, आणि ज्यांची मिळकत हप्ता भरण्याइतकी नाही. तिठ्यावर हात दाखवून उभे असतात ते मुख्यतः हेच.

व्यवहार्यतेचा विचार करायचा तर लिफ्ट कोठे मिळते हे पाहिले पाहिजे. जेथे एकच रस्ता आहे, त्या रस्त्याच्या टोकाला एकच गाव आहे आणि जाणारा-येणारा बहुधा ओळखीचा असतो, तेथे लिफ्ट उत्तम चालते. दिवाडी किंवा चोडण बेटावर फेरीबोटीतून उतरणाऱ्या पादचाऱ्याला गावातला कोणी तरी आपल्या मागे बसवून घेतो. त्यात विनंती आणि उपकार दोन्हींचा भार फारसा जाणवत नाही. उद्या उलट बाजूने तेच घडणार असते. ही खऱ्या अर्थाने ग्रामीण शेजारधर्माची वाहतूक आहे. तिला अनोळखी माणसाची लिफ्ट म्हणणेही कठीण आहे.

परंतु राष्ट्रीय महामार्गावर पोहोचताच हे गणित बिघडते. वाहने शेकड्यांनी जातात, पण वेगाने जातात. थांबायला सुरक्षित कडा नसते. उड्डाणपुलांनी जुने थांबे गिळलेले असतात आणि चालकाला उभ्या माणसाचा चेहराही दिसत नाही. म्हणजे जेथे वाहने अधिक तेथे लिफ्ट सहज मिळेल, ही समजूत प्रत्यक्षात उलटी ठरते. अंधार पडल्यावर आणि पावसाळ्यात तर दुचाकीस्वार स्वतःचा तोल सांभाळण्याच्या विवंचनेत असतो. हातात सामान असलेला, काठी टेकणारा किंवा कडेवर मूल असलेला माणूस यांना दुचाकीची लिफ्ट उपयोगाचीच नसते. शिवाय लिफ्टमध्ये वेळेची हमी नाही. पाच मिनिटांत वाहन मिळेल किंवा तासाभराने मिळेल. सुट्टीवर आलेल्या पर्यटकाला हा तास अनुभव म्हणून खपतो. पाळीवर उशिरा पोहोचल्यामुळे अर्ध्या दिवसाची मजुरी गमावणाऱ्याला तो खपत नाही.

सार्वजनिक वाहतूक एकाएकी बंद पडली की लिफ्टचे खरे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकदमच दिसून येतात. महाराष्ट्रात एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२१ च्या हिवाळ्यात सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. सिंधुदुर्गातील सावंतवाडी, दोडामार्ग या तालुक्यांतून पेडणे-म्हापशाकडे कामाला येणारे आणि गोमेकॉत उपचारांसाठी येणारे लोक पुष्कळ. त्या महिन्यांत ज्याच्याकडे दुचाकी होती तो दुसऱ्याला घेऊन आला, आणि ज्याला कोणी नव्हते तो घरी राहिला. सीमाभागातील अनुभवही निराळा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावात भाषेच्या कारणावरून एका बसवाहकाला मारहाण झाली, त्याचे पडसाद दोन्ही बाजूंना उमटले आणि महाराष्ट्र-कर्नाटक बससेवा काही काळ थांबली. असे प्रसंग तेथे अधूनमधून येतात. बस थांबली की सीमेवरच्या माणसाला एखादी मोटार, दुधाची गाडी किंवा भाजीचा टेम्पो यांचा आधार उरतो. तो आधार खरा आहे, माणुसकीचाही आहे. पण त्याच्यावर रोजचे जीवन उभे राहत नाही.

आता सुरक्षिततेकडे वळू. लिफ्टविषयी बोलताना भीती असते ती अनोळखी माणसाची. ही भीती निराधार नाही, परंतु तिचे प्रमाण चुकलेले आहे. जर्मनीच्या संघीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाने १९८९ साली लिफ्ट मागणाऱ्यांच्या धोक्यांविषयीचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना वाटणारा धोका हा प्रत्यक्ष धोक्यापेक्षा बराच मोठा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जर्मनीचे अनुमान गोव्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि चालकाच्या स्वभावापेक्षा त्याच्या वाहनाचीच चिंता अधिक करावी, अशी स्थिती आपल्याकडे निश्चितच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. गोव्यासारख्या लहानशा राज्यात अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या अडीचशे ते तीनशेच्या आसपास राहिली आहे. येथेही दुचाकीस्वारांचा वाटाच मोठा आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे करते. पण लिफ्ट मागणारा हेल्मेट हातात घेऊन तिठ्यावर उभा राहत नाही, आणि लिफ्ट देणाऱ्याकडे दुसरे हेल्मेट असण्याचे कारण नाही. म्हणजे दुचाकीवरची जवळजवळ प्रत्येक लिफ्ट मुळातच नियमभंगाने सुरू होते. त्याखेरीज एक गोष्ट अशी की लिफ्ट मागणाऱ्याला चालक निवडता येत नाही. रात्री दहानंतर किनारपट्टीच्या रस्त्यावर जो थांबतो, तो मद्य घेतलेला आहे की नाही हे मागे बसल्यावर कळते, आणि तोवर वाहन वेगात असते. उपकार करणाऱ्याला वेग कमी कर म्हणून सांगणे आपल्या समाजात अवघड जाते. भाडे देणारा प्रवासी पायलटला जे सहज सांगतो, ते फुकट बसलेला सांगत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र अनोळखी माणसाच्या भीतीला प्रमाणाबाहेरची म्हणता येणार नाही. या संदर्भात कॅनडातील एका महामार्गाची हकीकत सविस्तर पाहण्याजोगी आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट या दोन शहरांमधून जाणारा महामार्ग क्रमांक १६ सुमारे सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. दोन्ही बाजूंना जंगल, मधे लहान लहान गावे आणि आदिवासी समाजाच्या वसाहती. १९६९ पासून पुढे अनेक दशके या महामार्गावर आणि त्याला जोडणाऱ्या रस्त्यांवर मुली व स्त्रिया बेपत्ता होत राहिल्या किंवा त्यांचे मृतदेह सापडत राहिले. त्यांत आदिवासी स्त्रियांची संख्या मोठी होती. पोलिसांच्या विशेष पथकाने आपल्या तपासात अशी अठरा प्रकरणे घेतली. आदिवासी संघटनांच्या मते खरा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक आहे. लोकांनी त्या रस्त्याला अश्रूंचा महामार्ग असे नाव दिले.

अनेक वर्षे शासनाचे उत्तर होते ते उपदेशाचे. मुलींनो, लिफ्ट मागू नका, असे सांगणारे मोठे फलक महामार्गावर उभे राहिले. फलक वाचणाऱ्या मुलीला दवाखान्यात जायचे होते, नोकरीवर जायचे होते, दुसऱ्या वसाहतीतील आईला भेटायचे होते. तिच्याकडे मोटार नव्हती आणि त्या रस्त्यावरच्या बहुतेक वसाहतींना उपयोगी पडेल अशी बसही नव्हती. २००६ साली प्रिन्स जॉर्ज येथे या विषयावर परिषद भरली आणि तिच्या अहवालातील प्रमुख शिफारशींत गावे जोडणारी बस होती. ती बस प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१७ साल उजाडले. अकरा वर्षे! पुढच्याच वर्षी तेथील मोठ्या खासगी बस कंपनीने तोट्याचे कारण देऊन उत्तरेकडील आपली सेवा गुंडाळली, आणि शासनाला पुन्हा पर्यायी बस उभी करावी लागली.

गोव्यात परिस्थिती तितकी भीषण नाही, अंतरे लहान आहेत, वस्ती दाट आहे. म्हणून तुलना ताणू नये. परंतु फलकाची मानसिकता आपल्याकडेही आहे. मुलींनी रात्री एकटीने फिरू नये, विद्यार्थ्यांनी अनोळखी वाहनावर बसू नये, पालकांनी लक्ष ठेवावे, ही वाक्ये कोणतीही घटना घडल्यावर निघतात आणि त्यांच्यासोबत त्या मार्गावर संध्याकाळी सातनंतर बस आहे की नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शेजारच्या राज्यांनी तिकिटाच्या बाजूने प्रयत्न केले आहेत. महाराष्ट्राने २०२३ च्या मार्चपासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट केले, कर्नाटकाने त्याच वर्षी जूनपासून राज्यातील साध्या बसमध्ये त्यांचा प्रवास निःशुल्क केला. खानापूर तालुक्यातील स्त्रीला त्याचा लाभ नक्कीच झाला आहे. मात्र सवलतीचे तिकीट काढायला बस यावी लागते. तिकीट कमी करण्याची घोषणा एका दिवसात होते; रात्री साडेनऊची फेरी तोटा सोसून वर्षभर चालविणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर लिफ्ट हा अर्धवट उजेडातला प्रदेश आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ६६ परवान्याशिवाय वाहनाचा प्रवासी वाहतुकीसाठी वापर करण्यास मनाई करते, आणि कलम १९२-अ त्यासाठी दंड ठरविते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. या तरतुदीचा हेतू भाडे घेऊन चालणारी चोरटी वाहतूक रोखण्याचा आहे. मोबदला न घेता कोणाला वाटेत सोडणे हा त्यात बसत नाही. तरीही २०१८ च्या जूनमध्ये, भर पावसात ऐरोली येथे काही अनोळखी लोकांना आपल्या मोटारीत घेतल्यामुळे याच कलमाखाली आपल्याला न्यायालयात दंड भरावा लागला, असा अनुभव एका नागरिकाने समाजमाध्यमावर मांडला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. उपकार आणि धंदा यांतला फरक रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाने कसा ठरवावा, हे कायद्यात स्पष्ट नाही. साहजिकच थांबण्याची इच्छा असलेला मोटारमालकही पुढे निघून जातो.

त्याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे, आणि तिची कल्पना फारच थोड्यांना असते. वाहनाचा सक्तीचा विमा हा त्रयस्थासाठी असतो. रस्त्याने चालणाऱ्याला धडक बसली तर भरपाई मिळावी हा त्याचा मूळ उद्देश. दुचाकीच्या मागे फुकट बसलेला माणूस या सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटले आहे. ज्याला सर्वसमावेशक किंवा पॅकेज विमा म्हणतात तो उतरविलेला असेल, तर मागे बसणाऱ्याला आणि खासगी मोटारीतील सहप्रवाशांना संरक्षण मिळते. विमा नियामक प्राधिकरणाने २००९ साली कंपन्यांना तसे स्पष्ट बजावले आणि पुढे न्यायालयानेही हा भेद मान्य केला. प्रश्न असा की रस्त्यावरच्या किती दुचाकींचा विमा या दुसऱ्या प्रकारचा असतो? सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना त्रयस्थ विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पहिले वर्ष संपले की वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नव्याने भरावा लागतो, आणि तो अनेक जण भरत नाहीत. कागदपत्रे तपासणाऱ्या पोलिसाच्या दृष्टीने विमा चालू असतो. मागे बसलेल्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो.

मालवाहू वाहनांच्या बाबतीत स्थिती आणखी बिकट आहे. चोर्ला घाटातून उतरणारा भाजीचा टेम्पो किंवा अनमोडमार्गे येणारा ट्रक वाटेतल्या गावकऱ्याला घेतो, हे नित्याचे दृश्य. अशा वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिला. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर तेवढ्यापुरते संरक्षण आहे. वऱ्हाडाचा टेम्पो उलटला की मृतांच्या नातलगांना हे न्यायाधिकरणात कळते. दावा चालकावर आणि मालकावर लावता येतो. पण ज्याच्याजवळ हप्त्याच्या टेम्पोखेरीज काही नाही, त्याच्याकडून वसुली काय होणार? आणि लिफ्ट घेणाऱ्याने संकोचाने वीस रुपये पेट्रोलसाठी पुढे केले, तर वाहन भाड्याने चालत होते असा बचाव कंपनीला मिळू शकतो. कृतज्ञतेची रीतसुद्धा येथे अंगलट येते.

लिफ्टला शासनाने आपल्या व्यवस्थेत सामावून घेतल्याची उदाहरणे जगात आहेत. पोलंडमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत अधिकृत लिफ्ट योजना चालली. प्रवाशाने पुस्तिका विकत घ्यायची, चालकाला अंतराप्रमाणे कुपने द्यायची, अधिक कुपने जमविणाऱ्या चालकांना बक्षिसे मिळायची. पुस्तिकेबरोबर विमाही असे. क्यूबामध्ये सोव्हिएत मदत आटल्यानंतर इंधनाची टंचाई झाली, तेव्हा पिवळ्या गणवेशातील कर्मचारी रस्त्यावर उभे राहू लागले. रिकामी आसने असलेले सरकारी वाहन त्यांनी थांबवायचे आणि रांगेतल्या प्रवाशाला त्यात बसवायचे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उपनगरांत १९७० च्या दशकापासून निराळीच पद्धत रुजली. मोटारीत तीन माणसे असतील तरच जलद मार्गिका वापरता येत असल्याने चालक स्वतःहून रांगेपाशी येऊन प्रवासी घेतात. पैशांची देवघेव होत नाही, आणि रांगेत एखादी स्त्री एकटी उरणार असेल तर तिच्या पुढच्याने थांबायचे असा अलिखित नियम आहे. या तिन्ही ठिकाणी लिफ्ट चालली, कारण चालकाला थांबण्यात काही लाभ होता किंवा तसे बंधन होते, उभे राहण्याची जागा ठरलेली होती, आणि कोण कोणासोबत गेला हे पाहणारे कोणी तरी होते. आपल्या तिठ्यावर यांतले काहीच नाही.

केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये ॲग्रिगेटर कंपन्यांसाठी जी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत खासगी दुचाकीवरूनही ॲपद्वारे प्रवासी नेण्याची मुभा देण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. चालकाची नोंद, प्रवाशाचा विमा, प्रवासाचा माग या गोष्टी त्यात येतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने तिठ्यावरच्या लिफ्टपेक्षा ते निःसंशय उजवे आहे. गोव्यात मात्र हा विषय पेटता आहे. २०१८ साली गोवा माइल्स आल्यापासून टॅक्सी व्यावसायिकांचा ॲपविरोध सर्वांना परिचित आहे, आणि २०२५ मध्ये राज्याने ॲग्रिगेटरविषयीचा मसुदा काढला तेव्हाही तो उसळला. पायलटांचे म्हणणेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. परवाना, पासिंग आणि व्यावसायिक विमा यांचा खर्च त्यांनी करावा आणि खासगी दुचाकीवाल्याने तोच प्रवासी न्यावा, हे त्यांना अन्यायाचे वाटते. त्यातच ॲप चालते ते जेथे गिऱ्हाईक दाट आहे तेथे: विमानतळ, किनारा, पणजी, मडगाव. नेत्रावळी किंवा खोतिगावच्या वाटेवर रात्री नऊ वाजता कोणती कंपनी दुचाकी उभी ठेवणार आहे?

म्हणून प्रश्न फिरून बसकडेच येतो. खासगी बसगाड्या कदंबच्या छत्राखाली वेळापत्रकानुसार चालविण्याची म्हजी बस योजना हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे, कारण त्यात मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि रिकाम्या परतीच्या फेरीचा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी बसत नाही. पणजीत विजेवर चालणाऱ्या नव्या बसगाड्या आल्या, त्यांचेही स्वागतच आहे. परंतु राजधानीतील प्रवाशाला पूर्वीही काही ना काही मिळत होते. खरी कसोटी आतल्या तालुक्यांत आणि सायंकाळनंतरच्या तासांत आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणाहून शेवटच्या बसची वेळ औद्योगिक वसाहतींच्या आणि गोमेकॉच्या भेटीच्या वेळांशी जुळवावी, ती फेरी चुकल्यास दंड असावा आणि चालविल्यास तिचे पैसे रिकाम्या आसनांसह मिळावेत, एवढे केले तरी तिठ्यावरची गर्दी निम्मी होईल असे मानायला जागा आहे. विम्याच्या बाबतीत उपाय अधिक सोपा आहे. दुचाकीच्या सक्तीच्या विम्यातच मागे बसणाऱ्याचा समावेश करावा. त्यासाठी वाढणारा हप्ता वर्षाकाठी एका पेट्रोलच्या टाकीइतका तरी असेल काय, याचा हिशेब संसदेत मांडला जावा.

रात्रीची अशी बस सुरू झाली तर पहिले काही महिने ती जवळजवळ रिकामीच धावेल. तोट्याचे आकडे विधानसभेत वाचले जातील आणि प्रतिसाद नसल्याचे कारण देऊन ती बंद करण्याची सूचना येईल. ज्यांनी इतकी वर्षे हात दाखवून घर गाठले, ते लोक ती रोज येते याची खात्री पटेपर्यंत रस्त्याच्या कडेलाच उभे राहणार आहेत.